भेटीचा परवाना

बुधवार, ४ ऑक्टोबर

ठमे,

सहा वर्षांनी तुझं पत्र आलं, आणि तेही अर्ध्या पानाचं. पाकीट बघून तुझ्या वहिनीला वाटलं, शाळेतल्या कुणा मुलाने वर्गणी मागायला पाठवलंय. मी म्हटलं, नाही गं, आमच्या ठमीचं आहे, तिचं अक्षर हल्ली असंच कोंबडीच्या पायासारखं येतं. चिडू नकोस. थट्टा केली नाही तर पत्र दादाचं आहे हे तुला पटणार कसं?

तू दोनच गोष्टी लिहिल्यास. आई कशी आहे, आणि बाबांची गोष्ट भाषणात सांगू नकोस.

आई ठीक आहे. जिना चढताना तिला दम लागतो म्हणून खालची खोली दिली आहे, पूर्वी आपण धुतलेले गठ्ठे ठेवायचो ती. दिसतं कमी, पण कान तिखट आहेत, स्वयंपाकघरात चमचा पडला तरी विचारते काय पडलं. डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय. फोन तिच्याजवळ ठेवत नाही, कारण कुणीकुणी फोन करून तिला जुनं काहीबाही आठवायला लावतात आणि मग रात्रभर तिचा डोळा लागत नाही. कुणीकुणी म्हणजे कोण ते तुला ठाऊक आहे.

आता बाबांची गोष्ट. तुला कुणी सांगितलं मी ती सांगतो म्हणून? सांगतो, आणि सांगणार. वॉर्डात आपलं दुकान सत्तावीस वर्षं होतं. बाबांनी हॉटेलांच्या चादरी धुऊन दोन मुलं वाढवली. एक दिवस पालिकेचा माणूस दाराला कागद चिकटवून गेला आणि चार महिन्यांत बाबा गेले. यात खोटं काय आहे ते दाखव. तू लिहितेस, ‘कागदाच्या आधी काय झालं तेही सांग.’ अगं, सभा असते ती, कोर्ट नव्हे. लोक सात मिनिटांच्या वर ऐकत नाहीत.

आणि ऐकतात ते का, तर प्रत्येकाच्या घरात असा एक कागद आहे. आपल्या गल्लीतल्या न्हाव्याला खुर्चीचा परवाना वेगळा, पाटीचा वेगळा, आणि फरशी ओली होते म्हणून सांडपाण्याचा तिसरा. चपला शिवणाऱ्याचा अर्ज तीनदा परत आला, का, तर निळ्या शाईने भरला होता. एक बाई घरी बसून कापडी पिशव्या शिवते, तिला कारखान्याचा फॉर्म दिला. कामगारांची संख्या या रकान्यात तिने लिहिलं, मी आणि माझी सासू. मी एवढंच म्हणतो की पालिकेने रस्ते झाडावेत, दिवे लावावेत, पाणी वेळेवर सोडावं, आणि दुकानदाराच्या उंबऱ्यापासून चार हात लांब राहावं. ज्याला आपलं दुकान चालवता येतं त्याला आपलं बरंवाईटही कळतं.

मतदान एकोणतीसला आहे. तोवर गप्प राहा, एवढंच मागणं. मग हवं तेवढं भांड.

दादा

*

बुधवार, ११ ऑक्टोबर

ठमे,

तुझं पत्र पोचलं. या वेळी पाऊण पान. प्रगती आहे.

काल न्हाव्याच्या दुकानात बैठक झाली. पंचवीस माणसं, सहा खुर्च्या, बाकीचे उभे. एकाची दाढी अर्धी राहिली होती, तो फेस लावूनच प्रश्न विचारत होता. मी रंगात आलो होतो. म्हटलं, ज्या माणसाने आयुष्यात कधी एक गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून जिवाचं रान केलं नाही, तो मला सांगणार दुकान कसं चालवायचं? टाळ्या पडल्या. चष्म्यांच्या दुकानवाल्याने डोळे पुसले. तू असतीस तर तूही पुसले असतेस, निदान पूर्वीची ठमी असती तर.

माझ्याविरुद्ध एक निवृत्त मुख्याध्यापिका उभ्या आहेत. बाई सरळ आहेत, पण बोलतात वर्गात बोलल्यासारख्या. त्यांचं म्हणणं, तपासनीस असतात म्हणून माणसं जिवंत राहतात. कुणी विरोध केला की चष्म्यावरून बघतात. त्यांची मला भीती नाही.

भीती आहे ती साप्ताहिकाच्या वार्ताहराची. पोरगा नाही, चांगला पन्नाशीचा आहे आणि नाक खुपसण्याची सवय जुनी आहे. त्याला पालिकेच्या जुन्या नोंदवहीत एक ओळ सापडली. ‘लाँड्रीत वाफेचा पाइप फुटला, मालकाची मुलगी भाजली.’ बैठक संपल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, दुकान बंद झालं ते या ओळीच्या आधी की नंतर? मी म्हटलं, बहिणीचा हात घरी भाजला, चुलीवर, कारकुनाने भलतंच लिहिलं. तो म्हणाला, बहिणीलाच विचारतो मग. मी म्हटलं, पत्ता देतो. दिला नाही अर्थात.

आता तू म्हणशील खोटं का बोललास. ठमे, तो काळच तसा होता. बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या दांडीला जास्तीचं वजन टांगायची पद्धत त्या रस्त्यावरच्या प्रत्येक लाँड्रीत होती. कुणी वीट बांधायचं, कुणी साखळी. आपण जुनी लोखंडी इस्त्री टांगायचो. हॉटेलच्या तीनशे चादरी दुपारी दोनपर्यंत द्यायच्या आणि व्हॉल्व्ह मध्येच फुस्स करून सगळी वाफ सोडून देणार, मग धंदा करायचा कसा? वजन टांगलं की तो गप्प बसायचा. वीस वर्षं बसला. ज्या दिवशी पाइपाचा जोड सुटला त्या दिवशी प्रेसवर तू होतीस. कुणीही असू शकलं असतं. यात कुणाचा दोष काढणार?

रविवारी आईला जरा झटका येऊन गेला. काळजीचं कारण नाही. दोन दिवस दवाखान्यात ठेवून घरी आणलं. शुद्धीवर आली तेव्हा तुझं नाव घेत होती, मी लपवत नाही. पण डॉक्टर म्हणाले, भावना उचंबळतील असं काही नको. तेव्हा लगेच धावत येऊ नकोस.

दादा

*

मंगळवार, १७ ऑक्टोबर

ठमे,

‘आईला भेटायला मला तुझी परवानगी लागते का?’ असं तू लिहिलंस. ठळक, खाली रेघ मारून. बाई गं, परवानगी कसली? घर तुझंही आहे. फक्त वेळ बघून यावं की नाही माणसाने?

नीट ऐक. मी दुकानदार आहे, दुकानदारासारखं बोलतो. सोबत एक कागद ठेवला आहे. त्यावर चार ओळी आहेत. ‘आमच्या लाँड्रीत कोणताही अपघात झाला नव्हता. माझा हात घरी स्वयंपाकघरात भाजला. पालिकेने विनाकारण नोटीस देऊन आमचं दुकान बंद केलं. माझ्या भावाने सांगितलेली हकिगत खरी आहे.’ खाली सही कर, पाठव, आणि ये. सही आणि भेट यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. फक्त सही आधी आणि भेट नंतर.

का, ते सांगतो. तू आलीस की तो वार्ताहर दारातच गाठणार. तुझा हात बघणार. तुझं तोंड तर तुला माहीतच आहे, पोटात काही राहत नाही. मग मागच्या सात महिन्यांत मी जे उभं केलं ते एका सकाळी आडवं होईल. न्हाव्याने माझ्यासाठी दुकान दोन दिवस बंद ठेवलं. पिशव्यावाली बाई दारोदार पत्रकं वाटते आहे. ही माणसं माझ्यावर विसंबून आहेत. त्यांचे हाल खरे आहेत, ठमे, तुझ्या एका हातापुढे त्यांची काही किंमतच नाही का?

कागदातलं वाक्य आवडलं नाही तर शब्द बदल. अर्थ बदलू नकोस.

आईला काल थोडं खाणं गेलं. झोपेत बरळत होती.

दादा

*

शनिवार, २१ ऑक्टोबर

न सांगता आलीस. शोभलं तुला?

मी प्रचाराला बाहेर होतो. वहिनी म्हणते, बेल वाजली, दार उघडलं तर तू, हातात बॅग आणि संत्र्यांची पिशवी. तिने तुला आत घेतलं नाही, म्हणून तिच्यावर राग धरू नकोस. तिला मी सांगून ठेवलं होतं. तू अर्धा तास पायरीवर बसलीस म्हणे. समोरचे दोघेतिघे बघून गेले. त्यांना वहिनीने सांगितलं की विमा विकणारी बाई आहे. प्रसंगावधान आहे हं तिला, मी नाही म्हणत नाही.

मी आलो तोवर तू गेली होतीस. संत्री पायरीवर ठेवून. चांगली होती, संपली.

आणि आई जागी होती. तिने तुझा आवाज ऐकला. मी खोलीत गेलो तर उठून बसलेली, पाय खाली सोडलेले, चपला शोधत होती. मला म्हणाली, “बाहेर तू सांगतोस कुणाच्या दारावर सरकार बसू नये. माझ्या दारावर कोण बसलंय रे?” मी तिला झोपवलं. आजारी माणसाचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं.

पायरीवरून तू वहिनीला जो निरोप दिलास तोही पोचला. ‘दुसरी इस्त्री बाबांनी नव्हती टांगली, त्याला विचार कुणी टांगली.’ बरं, विचारतेसच तर लिहूनच देतो, म्हणजे एकदाचा तुझा जीव शांत होईल. मी टांगली. तेव्हा बावीस वर्षांचा होतो. महिनाभर आधी पालिकेची नोटीस आली होती, व्हॉल्व्ह आणि पाइप तीस दिवसांत बदला म्हणून. ती मी घेतली, बाबांना दाखवली नाही. बदलायला आठवडाभर दुकान बंद ठेवावं लागलं असतं आणि हॉटेलवाला दुसरीकडे गेला असता. बाबांनी बंद ठेवलं असतं. भित्रे होते ते. म्हणून नोटीस गठ्ठ्यांखाली सारली आणि दांडीला वजन वाढवलं. आधी बाबांची एक इस्त्री होती, मी दुसरी अडकवली. तू विचारलंस, दादा, चालेल ना? मी म्हटलं, चालेल.

झालं समाधान? आता माझंही ऐक. ज्या तपासनिसाने नोटीस दिली तो तीस दिवसांनी बघायला आला का? नाही आला. दरवर्षी येऊन चहा पिऊन शिक्का मारून जाणाराच तो. त्याची कचेरी होती, शिक्का होता, वही होती, सगळं सरकार होतं जागच्या जागी. तुझा हात वाचला का? उलट अपघात झाल्यावर धावत आले आणि दाराला कागद लावून गेले. बाबा त्या कागदाने खचले की तुझ्या हाताने, ते मला माहीत नाही. मी कागद म्हणतो. मला तेवढंच सोसतं.

हे पत्र कुणाला दाखवायचा विचार मनात आला असेल. जरूर दाखव. हे मी टाइप केलं आहे आणि खाली सही करत नाही. कोण म्हणेल मी लिहिलं?

कागदाची वाट बघतोय.

*

बुधवार, २५ ऑक्टोबर

ठमे, बाळा,

मागच्या पत्रात मी जास्त बोललो. तुझा दादा फटकळ आहे, पण मनात काही ठेवत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. विसरून जा.

आई तुझी फार आठवण काढते. सारखं एकच, ठमी आली का, ठमी आली का. मला बघवत नाही गं. आता हट्ट सोड. तू तुझा सोड, मी माझा सोडतो. हे पत्र घेऊन आलेला माणूस छापखान्यातला आहे, भरवशाचा. त्याच्याकडे तोच कागद पुन्हा दिला आहे. तू सही करेपर्यंत तो थांबेल. त्याला घरचं काही विचारू नकोस, त्याला काही माहीत नाही.

सही दिलीस की सोमवारी सकाळी ये. रविवारी मतदान, घरात गर्दी, आईला आणि तुला निवांत बोलता यायचं नाही. सोमवारी दार उघडं असेल. वहिनी स्वतः तुला आत घेईल. माझा शब्द आहे.

आईसाठी एवढं कर. माझ्यासाठी नको करूस.

तुझा दादा

*

सोमवार, ३० ऑक्टोबर, सकाळ

ठमे,

वहिनीने हे पत्र तुझ्या हातात दिलं असेल तेव्हा तू बैठकीच्या खोलीत असशील. बस आधी. उभ्याने वाचू नकोस.

मी निवडून आलो. चारशे बारा मतांनी. मुख्याध्यापिका बाईंनी स्वतः येऊन हात मिळवला. आता प्रमाणपत्र घ्यायला जातो आहे, म्हणून समोर बसून सांगता येत नाही. आणि खरं सांगू, समोर बसून सांगण्याची छाती नाही.

आई मंगळवारी गेली. चोवीसला, दुपारी चार वाजता.

खालच्या खोलीत जाऊ नकोस, तिथे काही नाही. पलंग काढला आहे.

बुधवारी सकाळी सगळं उरकलं. अख्खा वॉर्ड लोटला होता. न्हावी, चष्मेवाला, पिशव्यावाली आणि तिची सासू, सगळे. लोकांनी विचारलं, मुलगी नाही आली? मी म्हटलं, कळवलंय. त्याआधीच नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना बजावलं होतं, ठमीला मीच कळवतो, दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला कळायला नको. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. घरची गोष्ट घरच्याने सांगावी, यात वावगं काय आहे?

बुधवारचं पत्र मी दुपारी लिहिलं, वरच्या खोलीत बसून. खाली भेटायला आलेली माणसं होती. छापखान्यातल्या माणसालाही बजावलं होतं. वहिनी म्हणाली, असं करू नका, तळतळाट लागेल. मी म्हटलं, आईला आता त्याने काही फरक पडत नाही, आणि मला पडतो. यात हिशेब चुकला असेल तर दाखव.

गुरुवारी सही आली, शुक्रवारी छापून आली. साप्ताहिकाने पहिल्या पानावर वर आईचा फोटो आणि खाली तुझं निवेदन टाकलं. मी तसं सांगितलं नव्हतं, त्यांना जागा तिथेच मिळाली. लोक म्हणतात, बघा, भावासाठी कागद पाठवला, पण आईला शेवटचं बघायला आली नाही. मी त्यांना गप्प करतो. म्हणतो, प्रत्येकाची अडचण असते. पण बाजारात कुणी तुझ्याकडे वाकडं बघितलं तर एवढ्यामुळे, हे माहीत असू दे. आणि वार्ताहराकडे जायचा विचार असेल तर जा. तो आधी तुझ्याच सहीचा कागद तुझ्यापुढे ठेवेल.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगतो, नाहीतर वहिनी सांगेल आणि मीठमिरची लावून सांगेल. मंगळवारी दुपारी आईचा श्वास वर लागला. सारखं तेच, ठमी आली का. डॉक्टर म्हणाले, आता जे हवं ते होऊ द्या. मी म्हटलं, आली गं आई, ही बघ. वहिनीला उशाशी बसवलं. तिने आईच्या हातात हात दिला. शेवटी तिला दिसत तर नव्हतंच. आईने तो हात उलटा केला, वरून अंगठा फिरवला, बोटांपासून मनगटापर्यंत. पुन्हा एकदा फिरवला. मग हात सोडून दिला आणि तोंड भिंतीकडे केलं. पुढे काही बोलली नाही. वीस मिनिटांनी गेली.

मला वाईट वाटलं. तुला खरं वाटणार नाही, पण वाटलं. मी तिला बरं वाटावं म्हणून केलं होतं.

तू आता मनात म्हणत असशील, दादाने फसवलं. मी तसं मानत नाही. मी एक मागितलं, तू एक मागितलंस, तू राजीखुशीने सही केलीस. तुझ्या मानेवर कुणी सुरी ठेवली नव्हती. तू तेव्हाच, सतराच्या पत्रावरच सही दिली असतीस तर विसाला आईला भेटली असतीस, चांगले चार दिवस मिळाले असते. तुझा हट्ट तुला नडला. हेही तुला कुणीतरी सांगायला हवं म्हणून सांगतो, टोचायला नाही.

पुढच्या महिन्यात पहिली सभा आहे. खुर्ची, पाटी आणि सांडपाणी, तिन्ही परवाने मिळून एक करण्याचा ठराव मी मांडणार आहे. न्हावी आत्तापासून पेढे घेऊन बसलाय. कुणाचं तरी भलं होणार आहे यातून, एवढं ध्यानात घे.

अकरा वाजता लोक अभिनंदनाला येतील. त्याआधी निघालेलं बरं, तुलाही प्रश्न नकोत आणि मलाही. वहिनीने चहा टाकला असेल, तो पिऊन घे. परतीची गाडी साडेदहाची आहे. तिकीट काढून ठेवलं आहे, वहिनीकडे आहे. खिडकीची जागा मिळाली.

दादा